विश्लेषण : शाकारणी थांबली, चूल विझली, आता माळ्याकडे पाहणार कोण?

मे महिना सरत आला की कोकणात घरोघरी एक काम ठरलेले असे. छपरावर चढायचे, कौले सरकवून झाडायची, फुटकी काढून नवी बसवायची, कुजलेली रीप बदलायची. याला शाकारणी म्हणतात. काम छपराचे असले, तरी त्यानिमित्ताने वर्षातून एकदा माळा उघडा पडे, त्याला ऊन लागे आणि घरातल्या कोणाच्या तरी नजरेखालून तो जाई. गेल्या काही वर्षांत अनेक घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले. पत्र्याला शाकारणी लागत नाही. त्यामुळे माळ्यावर चढण्याचे कारणही उरले नाही. गणपतीचे मखर काढायला आणि ठेवायला जेवढे जावे लागते, तेवढेच. दरम्यान वर काय चालले आहे, ते एखादा वासा लवला किंवा छतातून लाकडाचा भुसा ताटात पडला की कळते.

माळा नेमका कशाला म्हणायचे?

उतरत्या छपराखाली आणि खोलीच्या लाकडी छतावर जी जागा उरते, तो माळा. तिचा आकार त्रिकोणी. मधोमध आढ्याखाली माणूस उभा राहू शकतो, कडेला वाकावे लागते. दोन मजल्यांच्या मध्ये किंवा उंच खोलीत फळ्या टाकून केलेला, तो पोटमाळा. मुंबईच्या चाळीतला माळा बहुधा असा पोटमाळाच असतो. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या वर भिंतीतून बाहेर आलेल्या काँक्रीटच्या फळीलाही आपण माळाच म्हणतो. मराठवाड्यातले माळवद मात्र वेगळे. तिथे लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छत असते. शब्द जवळचा असला, तरी त्याच्या वर फक्त आकाश.

मुंबईत ‘तिसरा माळा’ म्हणजे तिसरा मजला. तो अर्थ इथे सोडून दिलेला बरा.

पूर्वी माळ्याचे काम काय असे?

अडगळ ठेवणे हे माळ्याचे काम अलीकडचे. जुन्या घरात माळा हा घराच्या कामकाजाचा भाग होता. भाताचे बियाणे, पावसाळ्यासाठी भरलेली सुकी लाकडे, शेणी, सुंभ, इरली, नांगराचे सुटे भाग, लग्नकार्याला लागणारे मोठे हंडे आणि पराती हे सारे वर जाई. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या वाशांना टांगलेल्या दिसतात त्या यासाठीच. जमिनीलगतची ओल आणि पुराचे पाणी यांपासून वस्तू दूर राहतात, शिवाय वारा खेळतो.

याहून महत्त्वाची दोन कामे डोळ्यांना दिसत नसत. पहिले, उष्णता अडवण्याचे. दुपारच्या उन्हात छप्पर तापते, पण ती झळ थेट खोलीत उतरत नाही. मधली हवा ती अडवते आणि कौलांच्या फटींतून, त्रिकोणी भिंतीतल्या झरोक्यांतून गरम हवा बाहेर निघून जाते. कौलारू घर एप्रिलमध्येही सुसह्य वाटते, त्यात मातीच्या कौलाइतकाच माळ्यातल्या हवेचा वाटा असतो.

दुसरे काम धुराचे. चुलीचा धूर वर चढून माळ्यातून कौलांच्या फटींवाटे बाहेर पडे. त्याने वासे काळे पडत, जळमटे जाड होत, घरातल्या बायकांचे डोळे आणि छाती खराब होत. हा शेवटचा भाग विसरून धुराचे गोडवे गाणे बरोबर नाही. पण लाकडाच्या दृष्टीने त्या धुराचा फायदा होता. वर्षभर रोज मिळणाऱ्या उबेने लाकूड कोरडे राही आणि काजळीच्या थरामुळे किडी त्याच्या वाटेला कमी जात. चुलीच्या बरोबर वरचे वासे सर्वात काळे आणि बहुतेकदा सर्वात टणक असतात, हे जुने सुतार सांगतात ते उगीच नाही.

मग बिघडले काय?

चूल गेली आणि गॅस आला, हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर माळ्याची रोजची धुरी आणि ऊबही गेली. पुढे कौलांच्या जागी पत्रे आले. त्यालाही सबळ कारणे होती. कौले शाकारणारे मजूर मिळेनासे झाले, माकडे कौलांवर नाचून ती फोडू लागली आणि ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यावर श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागांत छपरे उडालेल्यांना पाऊस सुरू होण्याआधी डोक्यावर काहीतरी हवे होते. पत्रा एका दिवसात चढतो.

अडचण पत्र्यात नाही, पत्रा कसा बसवतात त्यात आहे. कौलाकौलांत फट असते, पत्र्याला नसते. आढ्यावर पट्टी मारून जागा बंद केली जाते, उंदीर-वटवाघळे येऊ नयेत म्हणून भिंतीवरच्या झरोक्यांत विटा घातल्या जातात आणि खोलीत खालून पीओपीचे छत मारले जाते. माळा आता चारही बाजूंनी बंद. दुपारी तो भट्टीसारखा तापतो आणि पंखा फिरला तरी खोलीत गरमच हवा येते. रात्री उलट होते. पत्रा झपाट्याने गार पडतो, आतली दमट हवा त्याला लागते आणि त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात. थंडीत, एक थेंबही पाऊस नसताना छतावर ओलाव्याचे डाग दिसतात ते यामुळे. घरमालक पत्रेवाल्याला बोलावतो, तो स्क्रूंवर डांबर किंवा सिलिकॉन फासून जातो आणि पुढच्या महिन्यात डाग पुन्हा येतो. गळती नसतेच, तर बुजवणार काय?

लाकडातले पाण्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिले की कुजवणारी बुरशी त्यात वाढू लागते. कोकणातल्या पावसाळ्यात मोकळ्या हवेतले लाकूडही ओल धरते, पण दिवाळीपर्यंत सुकते. बंद माळ्यातले लाकूड सुकत नाही. साठ-सत्तर वर्षे टिकलेले सागाचे किंवा फणसाचे वासे छप्पर बदलल्यावर दहा वर्षांत मऊ पडल्याच्या तक्रारी येतात, त्यामागे बहुधा हेच गणित असते. जुने लाकूड निकामी होते असे नव्हे. ते ज्या हवेत जगत होते, ती हवा आपण बंद केलेली असते.

उपाय खर्चिक नाही. समोरासमोरच्या दोन त्रिकोणी भिंतींत झरोके हवेत आणि त्यांना बारीक जाळी हवी, म्हणजे वारा येईल आणि जनावर येणार नाही. पत्र्याच्या आढ्यावर हवा जाऊ देणारी टोपी बसवता येते. पागोळ्यांच्या बाजूला पत्र्याखाली असलेली फट थर्माकोल किंवा सिमेंटने बुजवू नये; तिथेही जाळी लावावी. खालून हवा आत आली आणि वरून बाहेर गेली, की निम्मे दुखणे जाते. पीओपीचे छत करायचेच असेल, तर वर चढायला एक झाकण ठेवून घ्यावे. हे झाकण दिसायला बरे दिसत नाही म्हणून ठेकेदार ते टाळतात आणि मग वरची गळती पाहायला छत फोडावे लागते.

जुने छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर आणखी एक काळजी. अशा जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते. ते तुटताना किंवा कापताना उडणारे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसात जातात आणि तिथेच राहतात. त्यांतून होणारे आजार कित्येक वर्षांनी उघड होतात. असे पत्रे करवतीने कापू नयेत, वरून खाली फेकू नयेत. पाणी मारून अख्खे उतरवावेत. उतरवलेल्या तुकड्यांचे कोंबड्यांचे खुराडे करण्याची पद्धत आहे, तीही सोडावी.

वाळवी आहे की भुंगा, हे कसे ओळखावे?

दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून ओळख आधी. जमिनीतली वाळवी उघड्यावर फिरत नाही. ती भिंतीवरून मातीची पेन्सिलीएवढी जाड नळी बांधत वर चढते आणि लाकूड आतून पोखरते. वरचा पापुद्रा शाबूत राहतो. भुंग्याचे लक्षण म्हणजे लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी गोल भोके आणि खाली पिठासारखा भुसा. वाळवीचे मूळ जमिनीत असते, त्यामुळे माळ्यावरच्या वाशाला कितीही औषध चोपडले तरी ती खालून पुन्हा येते. जोत्याभोवती आणि भिंतीच्या तळाशी उपचार करावे लागतात. उभ्या घरासाठीच्या वाळवी-प्रतिबंधक उपचारांचे भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. कंत्राट देताना ‘याप्रमाणे करणार का’ एवढे विचारले, तरी समोरच्याची तयारी कळते.

नळी दिसली की ती थोडी मोडून ठेवावी आणि चार-पाच दिवसांनी पाहावी. पुन्हा बांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे. नाही तर ती जुनी खूण असू शकते. वाशांची तपासणी करताना मधला भाग ठोकून लोक समाधान मानतात. खरे पाहायचे ते वासा किंवा तुळई भिंतीत शिरते ते टोक. भिंतीची ओल तिथे साचते आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहावा. टणक लाकडात तो जेमतेम टोचतो, कुजलेल्यात सहज आत जातो. आणि दिवसा माळ्यावरचा दिवा बंद करून दोन मिनिटे अंधारात बसावे. छपरात जिथे उजेडाचा ठिपका दिसेल, तिथे पावसाळ्यात पाणी येणार.

वर राहणाऱ्या पाहुण्यांचे काय करायचे?

रात्री माळ्यावर कोणी धावल्याचा आवाज आला की पहिला संशय उंदरावर जातो. आवाज जड असेल, तर ते बरेचदा कांडेचोर, म्हणजे उदमांजर असते. झरोक्यात गव्हाणी घुबड बसते, वाशांना वटवाघळे लटकतात, उंदरांमागे धामण येते. यांपैकी उंदीर सर्वात उपद्रवी. तो वायरी कुरतडतो आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढवतो. घुबड आणि धामण त्याच उंदरांवर जगतात, हे लक्षात घेतले तर त्यांना मारण्यात घरमालकाचेच नुकसान आहे. शिवाय उदमांजर, घुबड, धामण, नाग यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. मदतीसाठी वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

वाट बंद करायची तर आत कोणी नाही ना, हे पाहून. पिल्ले असताना भोक बुजवले तर ती आत मरतात आणि पुढचे पंधरा दिवस घरात बसवत नाही. साफसफाई करताना सुकी विष्ठा झाडूने उडवू नये. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, आधी जंतुनाशकाचे पाणी शिंपडावे, मग पुसून काढावी. माळ्यावरची जुनी कापडी किंवा रबरी आवरणाची वायर मात्र पुसत बसण्यापेक्षा बदलून टाकावी आणि नवी पाइपातून न्यावी. सुकलेले लाकूड, रद्दी, गाद्या आणि कुरतडलेली वायर हे सगळे एकाच ठिकाणी असते. आग लागली तर ती छपराला धरते आणि खाली झोपलेल्यांना उशिरा कळते.

माळ्यावर किती वजन चालते?

याचे एक उत्तर नाही, कारण सगळ्या माळ्यांची जमीन चालण्यासाठी केलेलीच नसते. काही घरांत वरच्या फळ्या जाड आणि जवळजवळच्या कड्यांवर असतात; तिथे पूर्वी भाताच्या कणग्या ठेवत. काही घरांत त्या फळ्या केवळ खोलीत कचरा पडू नये म्हणून ठोकलेल्या, पातळ असतात. दुसऱ्या प्रकारात माणसाने कडीवरच पाय ठेवायचा असतो, फळीवर नाही. परगावाहून सुट्टीला आलेल्यांना हा फरक माहीत नसतो आणि पाय थेट खालच्या खोलीत येतो. जड वस्तू भिंतीलगत, कड्यांच्या टोकांजवळ ठेवाव्यात. खालून पाहिल्यावर कडी मध्ये लवलेली दिसत असेल, तर ते ओझे जास्त झाल्याची खूण आहे.

सर्वात फसवे ओझे पाण्याचे. ५०० लिटरची टाकी भरली की तिच्यात पाण्याचेच वजन अर्धा टन होते. नळाला पाणी एक दिवसाआड येते म्हणून अशी टाकी लाकडी माळ्यावर ठेवलेली घरे गावोगावी आहेत. छपरावर हळूहळू वाढत गेलेले वजन काय करते, ते लातूर-धाराशिवने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. किल्लारी परिसरात गळती थांबवण्यासाठी माळवदांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते. मातीत बांधलेल्या दगडी भिंती भूकंपात हलल्या, तेव्हा ते सगळे खाली आले.

फ्लॅटमधल्या काँक्रीटच्या माळ्याचे गणित वेगळे. तो बहुधा एकाच बाजूने भिंतीत अडकलेला असतो, सज्जासारखा. अशा फळीत ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळ्या वरच्या बाजूला हव्यात. काँक्रीट ओतताना कामगारांचे पाय पडून त्या खाली दबल्या, तर फळी दिसायला तशीच दिसते, पण तिची ताकद गेलेली असते. धोक्याची खूण असते वरच्या पृष्ठभागावर भिंतीला समांतर गेलेली चीर. खालून रंग ताजा असतो आणि वर सुटकेसांचा ढीग, त्यामुळे ती कुणाला दिसत नाही. दिवाळीत माळा रिकामा होतो तेव्हा ही एक जागा पाहून घ्यावी. चीर सापडली तर माळा पुन्हा भरू नये आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावा. न्हाणीघरावरच्या माळ्यात गीझरची गळती असेल तर सळ्या गंजून खालचे प्लास्टर फुगते, तेही लपवू नये.

माळ्यावर राहता येते का?

नियमांच्या भाषेत माळा ही साठवणीची जागा आहे, राहण्याची नाही. बांधकाम नियमांनुसार त्याची उंची जास्तीत जास्त दीड मीटर आणि त्याखाली मोकळी उंची किमान २.२ मीटर हवी. खोलीवर तो साधारण पाव भागापुरताच घेता येतो. दीड मीटर ठेवण्यामागचा हेतू उघड आहे. तिथे माणूस उभा राहू शकू नये.

प्रत्यक्षात मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन भाऊ संसार करायचे, ते पोटमाळ्याच्या आधारानेच. रात्री थोरला वर, धाकटा खाली, किंवा उलट. मुलांचे दहावीचे अभ्यास तिथे झाले आहेत. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर झोपणे ही शिक्षा असते, उभी शिडी चढताना म्हातारी माणसे पडतात आणि आग लागली तर उतरायला तीच एक शिडी असते. राहणाऱ्यांना हे ठाऊक असते. नियम मोडतात असे त्यांना सांगून प्रश्न सुटत नाही, कारण दुसरी खोली परवडत नाही. निदान शिडी पक्की आणि कठड्याची असावी, वर एक खिडकी असावी आणि विजेचा प्लग पंख्यापुरताच असावा. झोपडपट्टी पुनर्वसनात पोटमाळ्यावरच्या कुटुंबाला वेगळे घर मिळावे का, हा वाद तर प्रत्येक प्रकल्पात नव्याने होतो.

पूर आणि वादळात माळा उपयोगी की धोक्याचा?

दोन्ही. चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी वाढू लागले की माल पोटमाळ्यावर चढवण्याची सवय जुनी आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात मात्र पाणी २००५ च्या पुराच्याही वर गेले आणि ती खूण धरून वर ठेवलेला मालही भिजला. माणसांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर. कौलारू माळ्यावर अडकलेला माणूस आतून कौल वर उचलून बाजूला सरकवू शकतो, कारण मंगलोरी कौल रिपेला खाचेने अडकलेले असते, ठोकलेले नसते. स्क्रूने आवळलेला पत्रा आतून उघडत नाही. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळात न्यू ऑर्लिन्समध्ये पाणी चढू लागले तसे लोक माळ्यावर गेले आणि छपरातून बाहेर पडायला वाट नसल्याने काही जण तिथेच दगावले. नदीकाठच्या ज्या घरांत छपरावर पत्रे आहेत, तिथे माळ्यातून बाहेर निघण्यासाठी आतून उघडणारी एक झडप ठेवून घेणे शहाणपणाचे. पत्रे बसवतानाच सांगितले तर तिचा खर्च नाममात्र असतो.

वादळात छप्पर उडते ते वाऱ्याच्या ढकलण्याने कमी आणि उचलण्याने जास्त. पागोळ्यांखालून शिरलेला वारा आतून वर रेटतो. त्यामुळे पत्रा रिपेला घट्ट असून भागत नाही. रीप वाशाला आणि वासा भिंतीला लोखंडी पट्टीने बांधलेला हवा. नाही तर पत्रा रिपांसकट उडतो.

जुने कागद सापडले तर?

माळ्यावरच्या ट्रंकेत रुमालात बांधलेली मोडी कागदांची दप्तरे अजूनही निघतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी असे खासगी घरांतले कागद शोधत गावोगाव पायपीट केली. वाईला मिळालेल्या कागदांतून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. ऊन, ओल आणि कसर या तिन्हींचा मारा एकाच ठिकाणी होत असल्याने कागदासाठी माळ्याइतकी वाईट जागा घरात दुसरी नाही. कागद सापडल्यास ते उन्हात वाळत घालू नयेत, चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत, प्लास्टिकच्या पिशवीत भरू नयेत. स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावेत आणि रद्दीत जाण्याआधी मोडी वाचणाऱ्याला दाखवावेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे १९१० पासून असे कागद जमा होत आले आहेत. त्यात जमिनीची वाटणी, विहिरीचा हक्क किंवा वाटेचा करार निघाला, तर तो आजच्या भावकीच्या वादातही पुढे येऊ शकतो.